सकाळी डोंगर, दुपारी कात्री-कटर, संध्याकाळी गंगेवर: नाशकातल्या फॅन मंडळींची उन्हाळी सुट्टी

नाशकात उन्हाळी सुट्टीचे बेत फसतात ते बहुधा एकाच कारणाने: ते दुपारचे ठरतात. ‘अकराला सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) भेटू’ म्हटलं की निघेपर्यंत बारा वाजतात आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना बाराच्या उन्हात कुणाचंच मन कशात लागत नाही. पण याच गावात पहाट गार असते आणि दिवस कलला की वारा सुटतो. सहा ते साडेनऊ आणि साडेपाच ते दहा, हे दोन तुकडे बाहेरचे. मधले सात-आठ तास घरातले. ही वाटणी एकदा मान्य केली की सुट्टीत खूप काही बसतं.

हे टिपण अठरा ते तेवीस वयाच्या पाच-दहा जणांच्या मंडळीसाठी आहे. वेड कशाचंही असो: क्रिकेट, के-पॉप (कोरियन पॉप संगीत), ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), सिनेमा, गडकिल्ले.

आधी माणसं, मग पैसे

सहा ते आठ जण हा सोयीचा आकडा. चार दुचाक्यांवर मावतात, कॅफेत दोन टेबलं जोडली की बसतात आणि एक-दोघं आयत्या वेळी गळाले तरी बेत मोडत नाही. दहाच्या वर गेलात की प्रत्येक थांब्यावर कुणाची तरी वाट बघण्यात वेळ जातो.

‘कधी जमेल?’ असं मोघम विचारू नका. दोन तारखा द्या, पोल टाका, २४ तासांनी बंद करा. ‘बघतो’ म्हणणाऱ्याला मोजू नका. आला तर आनंदच आहे. खर्चाची निम्मी रक्कम आधीच एकाच माणसाकडे यूपीआयने जमा करा आणि ज्याचे पैसे आले तोच धरा, कारण कॅफेतली जागा, छपाई आणि रेल्वेचं तिकीट ही तिन्ही आगाऊ पैशांची कामं आहेत. बेत आखणारा आणि हिशेब ठेवणारा वेगळा असावा. दोन्ही एकाच्या गळ्यात पडलं की तिसऱ्या बेतापर्यंत तो थकतो. जमलेल्या शंभरातले दहा रुपये वरखर्चाला बाजूला ठेवा: पार्किंग, पाण्याच्या बाटल्या, पंक्चर.

घरी चार गोष्टी सांगून निघायचं: जागेचं नाव, बरोबर कोण, परतायची वेळ आणि बरोबरच्या एकाचा नंबर. एवढं वेळेवर सांगणाऱ्याला पुढच्या वेळी परवानगी मागावी लागत नाही. रात्री साडेनऊनंतर कुणालाही एकटं रिक्षात बसवू नका. सिडको-इंदिरानगरचे एकत्र, पंचवटी-म्हसरूळचे एकत्र, नाशिक रोड-जेलरोडचे एकत्र, अशी परतीची जोडणी निघतानाच ठरवा.

सकाळ

पहिल्या सकाळी पांडवलेणीला जा. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, शहरापासून आठेक किलोमीटरवर, पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटं. एकूण २४ लेणी आहेत. सगळी उरकायच्या मागे लागू नका. तीन क्रमांकाचं (गौतमीपुत्र सातकर्णीच्या घराण्याचं), दहा क्रमांकाचं (नहपान क्षत्रपाच्या काळातलं) आणि अठरा क्रमांकाचं चैत्यगृह, ही तीन नीट बघा. तीन आणि दहा समोरासमोर ठेवून बघायची मजा वेगळी: गौतमीपुत्राने नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला आणि दोन्ही बाजूंचे लेख एकाच डोंगराच्या अंगावर कोरलेले आहेत. इतिहासाच्या वेड्याला दोन तास इथेच पुरतात. लेणी उघडायची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. पहाटे पोचून दाराशी ताटकळण्यापेक्षा अर्धा तास उशिरा निघालेलं बरं. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते, पण ट्रायपॉड उभारायला परवानगी लागते. कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा पोशाख) घालून फोटो काढायचा बेत असेल तर ट्रायपॉड घरीच ठेवा आणि लेण्यांत तलवारी, मुखवटे घालून शिरू नका. तिथे लोक श्रद्धेनेही येतात.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. सिनेमावेड्यांनी हा बेत ३० एप्रिलला ठेवावा. फाळके १८७० साली याच तारखेला त्र्यंबकेश्वरला जन्मले, ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि पुढे त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम नाशकातूनच चाललं. त्या आठवड्यात संध्याकाळी घरी मूकपट बघा आणि पार्श्वसंगीत आपल्यातल्याच एखाद्या पेटी-तबलावाल्याकडून वाजवून घ्या. मूकपटांच्या काळी थिएटरात वाजवणारे असेच समोर बसत.

किल्ल्यांत सुरुवात रामशेजने करा. पेठ रोडने आशेवाडी गाठायचं, अंतर साधारण चौदा-पंधरा किलोमीटर. पायथ्यापासून पाऊण तासात माथा. संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेला या बसक्या डोंगराने पाच वर्षांहून जास्त झुंजवलं. वर उभं राहून चौफेर बघितलं की ते कसं जमलं असेल याचा अंदाज येतो. वर पाण्याची टाकी आहेत, पण मेमध्ये त्यांच्या भरवशावर जाऊ नका. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या आणि त्यातलं निम्मं संपलं की परत फिरा, माथा आलेला असो वा नसो.

हरिहर किल्ल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात, त्यामुळे त्याचा आग्रह होतोच. पण त्या उभ्या कातळपायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने असतात. रविवारी वर-खाली दोन्हीकडे माणसं अडकतात, ऊन चढतं, खोबणीत धरायचा दगड तापतो आणि हाताला घाम आला की पकड सुटते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, पायथ्याच्या निरगुडपाड्याहून उजाडायला चढायला लागा आणि नऊच्या आत पायऱ्या उतरून व्हा. ज्याला उंचीची भीती आहे त्याला खाली बसू द्या, त्याला चिडवू नका.

मिसळ उतरल्यावर. चढायच्या आधी तर्री मारली की अर्ध्या वाटेत जळजळ आणि तहान दोन्ही सुरू होतात. चढताना खजूर, शेंगदाण्याची चिक्की, काकडी आणि थर्मासात पन्हं. आठ जणांसाठी अर्धा किलो कैऱ्या (मध्यम आकाराच्या चार) उकडून गर काढा. गर दोन वाट्या भरला तर गूळ दोन ते अडीच वाट्या, मीठ दोन चमचे सपाट, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा. हा घट्ट गर एकास चार पाणी घालून प्यायचा. मिठात हात आखडू नका, कारण घामाबरोबर मीठच जातं.

एक सकाळ नाही पण एक दुपार मुद्दाम बाहेर काढण्यासारखी आहे: शून्य सावलीची. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. गच्चीवर सपाट जागी स्टीलचा सरळ बाजूंचा उभट ग्लास उपडा ठेवा आणि दर दोन मिनिटांनी सावलीची कड खडूने आखा. सावली ग्लासाच्या तळाशी गडप होते तो क्षण दोन-तीन मिनिटांचाच असतो. पंधरा मिनिटांत खाली या.

दुपार: बनवायची कामं

खरी फॅनगिरी दुपारीच होते. सिलिंग फॅनखाली सतरंजी टाकून कागद, कटर, रंग घेऊन बसलं की चार तास कुठे गेले कळत नाही. आणि संध्याकाळच्या मेळाव्याला जे काही वाटायचं, लावायचं, घालायचं असतं ते इथेच तयार होतं.

*फोटोकार्ड.* फॅन जमवतात आणि अदलाबदल करतात ते कलाकाराच्या फोटोचं छोटं कार्ड. के-पॉपच्या कार्डाचं माप ५५ × ८५ मिलिमीटर. क्रिकेटपटूंची किंवा स्वतः काढलेल्या चित्रांची कार्डंही याच मापात केली की तयार पारदर्शक पाकिटांत बसतात. कापताना ब्लेड अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे जातंच, म्हणून चित्र चारही बाजूंनी दोन मिलिमीटर जास्त ठेवा. म्हणजे फाइल ५९ × ८९ मिलिमीटरची, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ७०० × १०५० पिक्सेल. डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे बारा बाय अठरा इंचांच्या शीटवर अशी पाच ओळींत पाच, एकूण २५ कार्डं बसतात. घरच्या ए-फोरवर जास्तीची कड न ठेवता आडवी लावली तरी दहाच्या वर बसत नाहीत, त्यामुळे बाहेर छापणंच परवडतं. कागद ३०० जीएसएम (आकडा मोठा तेवढा कागद जाड) आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन, आणि लॅमिनेशन कापायच्या आधी.

मोबाइलवर झगझगीत दिसणारा जांभळा किंवा निऑन हिरवा कागदावर मळकट येतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि प्रेस चार शायांनी. फाइल सीएमवायकेमध्ये (त्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलून एक शीट नमुना काढा, घरी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा, मगच बाकीची टाका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ‘चालेल’ म्हणून ऑर्डर दिली की पंचवीसच्या पंचवीस कार्डांवर चेहरे काळवंडतात. चेहऱ्याचा भाग पडद्यावर दिसतो त्यापेक्षा जरा उजळ ठेवायचा, एवढं एक लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

कापताना पोलादी पट्टी आणि कटिंग मॅट. आधी सगळ्या उभ्या रेषा, मग आडव्या. ब्लेडचं टोक दर तीन-चार शीटनंतर मोडून नवं घ्या. बोथट ब्लेड लॅमिनेशन ओढतं आणि कडेला पांढरा केस दिसतो. कोपरे गोल करायचा पंच असेल तर उत्तम. नसेल तर चौकोनीच ठेवा, कात्रीने गोल केलेले चार कोपरे चार तऱ्हेचे होतात.

*कप स्लीव्ह.* कोरियातली पद्धत अशी: आवडत्या कलाकाराच्या वाढदिवशी फॅन मिळून एक कॅफे ठरवतात, तिथल्या कपांना त्या कलाकाराच्या चित्राची पट्टी गुंडाळतात आणि पेय घेणाऱ्याला ती पट्टी भेट मिळते. आपल्याकडे उन्हाळ्यात तारखांची कमी नाही. २४ एप्रिल सचिन तेंडुलकरचा, ३० एप्रिल रोहित शर्माचा, १५ मे माधुरी दीक्षितचा. बीटीएस या कोरियन गटाच्या फॅन मंडळींचा दिवस १३ जून, २०१३ साली त्या दिवशी गटाचं पदार्पण झालं.

पट्टीत पहिल्यांदा सगळेच चुकतात. सरळ आयत कापतात आणि तो कपावर तिरका चढतो. कप खाली निमुळता असतो, म्हणून पट्टी कमानीसारखी कापावी लागते. सोपी रीत: कॅफेतून एक रिकामा कप मागून आणा, कागद गुंडाळा, वरची-खालची रेघ पेन्सिलने मारा, उलगडा. नेमकी रीत अशी: पट्टीच्या वरच्या कडेशी कपाचा व्यास ८४ मिलिमीटर, खालच्या कडेशी ७२ आणि पट्टीची उंची कपाच्या उतारावरून ६० असेल, तर मोठ्या कमानीची त्रिज्या ६० × ८४ भागिले (८४ वजा ७२), म्हणजे ४२० मिलिमीटर. लहान कमानीची त्रिज्या तीतून ६० वजा, म्हणजे ३६०. कोन ३६ अंश. एका टोकाला चिकटवायला दहा मिलिमीटर जास्त. कॅफेचा कप वेगळा असेल तर त्याचे दोन व्यास आणि उंची मोजून याच सूत्रात घाला. कोन काढायला वरचा व्यास मोठ्या त्रिज्येने भागा आणि १८० ने गुणा. एवढ्या मापाच्या दोन पट्ट्या आडव्या ए-फोरवर सुखाने बसतात. तिसरी कोंबाल तर प्रिंटरच्या कडेत कापली जाईल.

दुसरी चूक उन्हाळ्यातली खास. सगळे कोल्ड कॉफी मागवतात, कपाला घाम सुटतो, इंकजेटची शाई पसरते आणि गोंदाच्या कांडीने चिकटवलेला सांधा दहा मिनिटांत उलगडतो. म्हणून छपाई लेझरवर, कागद २०० ते २५० जीएसएम, वर लॅमिनेशन आणि सांध्याला दुहेरी चिकटपट्टी. पंचवीस जण येणार असतील तर तीस पट्ट्या करा. दोन-तीन चिकटवताना बिघडतात आणि एक कॅफेच्या मालकांना आठवण म्हणून द्यायची असते.

चित्रं कुणाची वापरता याकडे लक्ष असू द्या. दुसऱ्या फॅनने काढलेलं चित्र हवं असेल तर त्याला विचारा आणि पट्टीवर त्याचं नाव छापा. कलाकारांचे अधिकृत फोटो छापून विकायला बसू नका. वाटायचं ते भेट म्हणून. सगळ्यात छान, मंडळीत ज्याचा हात चालतो त्याने चित्र काढावं.

*कॉस्प्लेचं चिलखत.* मुंबईचा कॉमिक कॉन (कॉमिक्स आणि कॉस्प्लेवाल्यांचा मोठा मेळावा) २०२४ आणि २०२५ साली एप्रिलात झाला. तिथे जायचं असो वा आपल्याच मेळाव्यात घालायचं असो, काम महिनाभर आधी सुरू करा. लागतं ते: ईव्हीए फोम (हलका, वाकणारा; मुख्य तुकड्यांना पाच मिलिमीटर, नक्षीला दोन), कटर, हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र), पत्र्याच्या डब्यातलं पिवळसर सोल्यूशन (फेविकॉल एसआरच्या जातीचं), पांढरा फेविकॉल, ॲक्रिलिक रंग, इलॅस्टिक आणि वेल्क्रो.

नमुना अंगावरच घ्यायचा. हाताला किंवा छातीला किचनची प्लास्टिक फिल्म सैलसर गुंडाळा, वर मास्किंग टेपचे दोन थर. पेनाने कडा आणि सांधे आखा, एका बाजूने कात्रीने कापून काढा, सपाट करा, कागदावर उतरवा. चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर वाढवा. आत सुती बनियन असणार आणि उन्हात शरीर थोडं फुगतं.

कापलेल्या फोमवर हीट गन फिरवायची. वरचा पृष्ठभाग मॅटचा किंचित चमकदार झाला की छिद्रं बंद झाली, तिथून पुढे सरका. एकाच जागी थांबलात तर फोम करपून खरबरीत होतो. तापलेला तुकडा मांडीवर किंवा पातेल्यावर दाबून धरला की तोच बाक घेऊन थंड होतो.

चिकटवताना घाई नको. सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावा आणि थांबा. थंडीत दहा-पंधरा मिनिटं, मेच्या दुपारी पाच-सात. बोट टेकवलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये, तेव्हा जोडायचं. ओलं असताना जोडलं तर सरकतं, पार सुकल्यावर जोडलं तर धरतच नाही. म्हणून उन्हाळ्यात एका वेळी वीतभरच कड घ्या. एकदा टेकलं की हलत नाही, तेव्हा एका टोकापासून बोटाबोटाने बसवत जा. हे काम खिडक्या उघडून, उदबत्ती, गॅस, हीट गन सगळं लांब ठेवून. याच्या वाफा पेट घेतात आणि बंद खोलीत डोकं गरगरतं.

हॉट ग्लू झटपट आहे, पण उन्हाळ्यात दगा देतो. पार्किंगमध्ये बंद गाडीतलं तापमान बाहेरपेक्षा खूप चढतं, सांध्यातला ग्लू मऊ पडतो आणि मेळाव्याच्या दारात खांद्याचा तुकडा हातात येतो. हॉट ग्लू फक्त आतली वेल्क्रो तात्पुरती टेकवायला. आणि चिलखत गाडीच्या डिकीत ठेवायचंच नाही, चादरीत गुंडाळून मांडीवर घ्यायचं.

रंगाआधी दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी असे तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर. भिंतीचा ऑइल पेंट वापरू नका, फोम वाकला की त्याला भेगा पडतात. ॲक्रिलिक वाकतो. घातल्यावर सलग वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त नको. एक जण पाणी घेऊन सोबत आणि पाठीची वेल्क्रो कशी सोडायची हे त्याला आधी शिकवलेलं असावं. तलवार, बंदूक जे असेल ते फोमचंच आणि प्रवासात कापडात झाकलेलं, नाहीतर स्टेशनच्या तपासणीत अर्धा तास मोडतो.

ज्याला यातलं काहीच करायचं नाही त्याला दुपारी वाचनालयात जाऊ द्या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, सगळ्यांच्या तोंडी ‘सावाना’, १८४० पासूनचं आहे. क्विझचे प्रश्न तिथे बसून काढले तर मोबाइलवर शोधलेल्यांपेक्षा खूप सरस निघतात.

संध्याकाळ

कॅफेच्या मालकांशी दहा-बारा दिवस आधी, गर्दी नसलेल्या वेळी, समोर जाऊन बोला. फोनवर ‘काका, आमचा फॅन इव्हेंट आहे’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गोंधळच येतो. किती जण, किती ते किती, माणशी साधारण किती बिल होईल, हे कागदावर न्या. आठवड्याच्या मधला वार आणि साडेचार ते सात ही वेळ मागा. कॉलेज रोड-गंगापूर रोडचे कॅफे सातनंतर भरतात, त्याआधी त्यांनाही गिऱ्हाईक हवंच असतं. चार गोष्टी आधीच विचारा: भिंतीला काय चिकटवलेलं चालेल, आपली गाणी लावता येतील का, केक बाहेरचा चालेल का, बिल एकत्र की वेगळं. भिंतीवर सेलोटेप कधीच लावू नका, निघताना रंगाचे पोपडे येतात. दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधून लाकडी चिमट्यांनी कार्डं टांगली की दिसतंही छान आणि पाच मिनिटांत उतरतं. चमकी अजिबात नको, ती आठवडाभर निघत नाही.

कार्यक्रम दोन तासांचा पुरे. पहिला अर्धा तास येणं, पट्ट्या-कार्डं वाटणं, ओळखी. मग वीस प्रश्नांचं क्विझ: आठ सोपे, आठ मध्यम, चार खरोखर अवघड. नवखा फॅन पहिल्या आठांत खेळतो, कसलेला शेवटच्या चारांत आणि दोघांनाही आपण इथले आहोत असं वाटतं. हे फार महत्त्वाचं आहे. ‘तू खरा फॅन असशील तर सांग’ हे वाक्य ज्या मेळाव्यात ऐकू येतं तिथे नवी माणसं दुसऱ्यांदा येत नाहीत. त्यानंतर कार्डांची अदलाबदल, केक, फोटो. ज्याला फोटोत यायचं नाही त्याच्या कपाला लाल ठिपका लावा. काढणाऱ्याला लगेच कळतं आणि कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही.

आयपीएलची मॅच गच्चीवर बघायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेवा. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, मॅच साडेसातला, त्यामुळे पहिल्या चेंडूला अंधार बऱ्यापैकी असतो. पडद्याला चादर नको, वाऱ्याने हलते आणि मागचा उजेड आरपार येतो. जुन्या फ्लेक्सची उलटी पांढरी बाजू आठ बाय साडेचार फुटांत लाकडी पट्ट्यांना ताणून बांधा. हे प्रमाण चित्राशी तंतोतंत जुळतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मॅच लावली की ती टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे चालते. खालच्या मजल्यावर ‘आउट!’ ओरडलेलं आधी ऐकू येतं आणि मग आपल्याकडे गोलंदाज धावायला लागतो. सगळा रंग तिथेच जातो. वरच्या मजल्यावरच्या घरातून सेट टॉप बॉक्सच गच्चीवर आणा, डिशची केबल तिथेच असते. बॉक्सपासून प्रोजेक्टरला एचडीएमआय केबल पाच मीटरची, आवाजाला वेगळा स्पीकर. रात्री दहानंतर स्पीकर बंद, तसा नियमच आहे आणि शेजारी आजारी माणूस, लहान मूल असतंच. उरलेली षटकं प्रोजेक्टरच्या स्वतःच्या बारीक आवाजावर बघा, जवळ सरकून बसा. तिकीट लावून मॅच दाखवू नका, प्रक्षेपणाचे हक्क आपले नाहीत.

ज्या संध्याकाळी काहीच ठरलेलं नाही, त्या संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी जा. मेमध्ये गोदाघाटावर यशवंत महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. शंभरहून अधिक वर्षांची परंपरा, उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात. विषय बघून आपल्या वेडाशी जुळणारं एक तरी व्याख्यान निवडा. नंतर भेळ.

वानखेडेची वारी

सुट्टीत एकदा तरी मैदानात जाऊन मॅच बघा. सामन्यांचं वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी तारीख ठरवा आणि रेल्वेचं बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मेमध्ये नाशिक रोडवरून जाणाऱ्या लांबच्या गाड्या सुट्टीच्या गर्दीने भरलेल्या असतात. जायला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस उत्तम, दुपार मुंबईत मोकळी मिळते.

परतीत दोन चुका ठरलेल्या. पहिली: साडेसातची मॅच सव्वाअकरा-साडेअकराला संपते, वानखेडेतून बाहेर पडून सीएसएमटी गाठायला पाऊण-एक तास जातो, त्यामुळे बाराच्या आसपासची गाडी चुकते. दुसरी: रात्री बारा वाजून गेल्यावर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं काढावं लागतं. मॅचची तारीख टाकून काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते आणि हे फलाटावर कळतं. जुळत नसेल तर मुंबईत मामा-मावशीकडे राहा आणि सकाळी निघा. आठ जणांत एकाची तरी मावशी ठाण्या-डोंबिवलीला असतेच. तिला दोन दिवस आधी कळवा आणि जाताना नाशिकचा चिवडा न्या.

मैदानात बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी, हेल्मेट, काठीचा झेंडा आत सोडत नाहीत. तिकिटावरची यादी वाचून घ्या. फोन पूर्ण चार्ज, विमान मोडवर, फोटोपुरता काढायचा. आत नेटवर्क गर्दीने बसतं, म्हणून कुणी हरवलं तर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा: चर्चगेट स्टेशनचा तिकीटघराकडचा भाग सगळ्यांना सापडतो.

मे सरताना

मेचा शेवटचा आठवडा ते पहिला जोरदार पाऊस, एवढे दिवस काजव्यांचे. घोटीमार्गे भंडारदरा साधारण सत्तर किलोमीटर. शनिवार-रविवार टाळा. त्या दोन रात्री गाड्यांचे दिवे एवढे असतात की काजवे झाडावर बसूनही दिसत नाहीत. काजवा उजेडाच्या खुणांनी जोडीदार शोधतो, आपल्या हेडलाइटने त्या खुणा पुसल्या जातात. गाडी गावातच लावा, वनखात्याच्या चौकीवर वेळ विचारा, टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन थर बांधा आणि तो पायाकडे धरा. फ्लॅश नाही, गाणी नाहीत. वाट सोडून गवतात पाय टाकू नका, माद्या बऱ्याचदा खालीच बसलेल्या असतात. फोटोच्या मागे लागण्यापेक्षा वीस मिनिटं नुसतं अंधारात बसा. डोळे सरावायला तेवढी लागतातच, आणि मग एकेक झाड पेटत-विझत जातं. घाटरस्ता आहे, तेव्हा रात्री दुचाकीवर परत येऊ नका. मुक्काम तिथेच, पहाटे निघायचं.

बीटीएसचा १३ जूनचा मेळावा धरला असेल तर पावसाचा बेत आधीच करा. नाशकात त्या सुमारास पाऊस कधीही येतो. कागदी पट्ट्या आणि कार्डं झिप पाऊचमध्ये, पाऊच स्टीलच्या डब्यात. गच्चीचा विचार सोडून कॅफेच धरा. त्यानंतर घरी आलं की फोमचं चिलखत ओल्या कपड्याने पुसून, पंख्याखाली रात्रभर वाळवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर श्रावणापर्यंत बुरशी धरते. आणि फोटोकार्डं एकमेकांवर रचून ठेवू नका. दमट हवेत लॅमिनेशन एकमेकाला धरतं आणि सोडवताना चेहऱ्यावरची शाई निघून येते. प्रत्येक कार्ड आपापल्या पाकिटात, डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सोबत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या.